रेपो उतरला, उचल तशीच

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रेपो दर, म्हणजे रिझर्व्ह बँक बँकांना ज्या दराने कर्ज देते तो, घटला की आपल्या पहिल्या पानावर ‘कर्ज स्वस्त’ असा मथळा येतो. बँकेतून घर घेतलेल्यांसाठी तो खरा आहे. १ ऑक्टोबर २०१९ पासून बदलत्या (फ्लोटिंग) दराची नवी गृहकर्जे रेपोसारख्या बाह्य दराशी जोडणे बँकांना बंधनकारक झाले. त्यामुळे २०२५ मध्ये फेब्रुवारी ते जून या काळात रेपो ६.५० वरून ५.५० टक्क्यांवर आला, तेव्हा त्यांचा हप्ता किंवा मुदत कमी झाली. देवगड-राजापूर पट्ट्यातल्या लहान आंबा बागायतदारापर्यंत मात्र ही स्वस्ताई पोहोचत नाही.

आमचे घोडे अडते ते सातबाऱ्यावर. पणजोबांपासून वाटणी न झालेली जमीन, उताऱ्यावर मुंबईत स्थायिक झालेल्या चुलत्यांची आणि आत्यांच्या वारसांची नावे. कर्जासाठी सगळ्यांच्या सह्या आणायच्या कुठून? वेळेत फेडणाऱ्याला ३ लाखांपर्यंतचे पीककर्ज केंद्राच्या व्याजसवलतीमुळे ४ टक्क्यांनी पडते, पण ज्याला कर्जच मिळत नाही त्याला दर ४ असला काय नि १४ असला काय! मग मोहोराआधी तुडतुड्यांवरच्या फवारणीसाठी तो वाशीच्या दलालाकडून उचल घेतो. पेट्या त्याच्याच गाळ्यावर पाठवायच्या, ही अट. व्याज कुठल्याच कागदावर दिसत नाही. ते भावातून वळते होते. अशा व्याजाला रिझर्व्ह बँक हात कसा लावणार?

जोखमीचा अंदाज येत नसला की बँक दर वाढवून कर्ज देत नाही, सरळ नाकारते, हे स्टिग्लिट्झ आणि वाइस या अर्थतज्ज्ञांनी १९८१ मध्येच दाखवून दिले होते. यातला सगळ्यात वाईट भाग पुढे आहे. अवकाळीने मोहोर गळाला की उत्पन्न बुडते, जुनी उचल अंगावर राहते, पुढच्या वर्षी दलाल हात आखडता घेतो. पैसा कमी म्हणून फवारण्या कमी, म्हणून पुढचे पीकही कमी. एका वर्षाच्या पावसाचा फटका असा तीन-तीन वर्षे पुरतो. दलालही बहुधा बँकेच्या पैशावरच चालतो. व्याज चढले की तो लगेच उचल आवळतो, उतरले की आमच्या अटी सैल करत नाही. १ जून ते ३१ जुलैच्या मासेमारी बंदीत जाळी आणि इंजिनासाठी पैसे उचलणाऱ्या छोट्या मच्छीमाराचीही हीच गत आहे.

सामाईक सातबाऱ्यावरील प्रत्यक्ष कसणाऱ्याला, त्याच्या हिश्श्यापुरते, प्रतिज्ञापत्रावर पीककर्ज मिळावे, अशी आमची मागणी आहे. सरकारने आणि बँकांनी ती जिल्हा सल्लागार समितीच्या, म्हणजे बँका आणि जिल्हा प्रशासन यांच्या समितीच्या, बैठकीत धसास लावावी. आणि आपणास विनंती, की रेपोच्या बातमीशेजारी आपल्या जिल्ह्यातील बँकांत ठेवी किती जमल्या आणि त्यातले कर्ज इथे किती वाटले गेले, तेही दर तिमाहीला तालुकावार छापावे.

आपला,
एक आंबा बागायतदार, ता. देवगड, जि. सिंधुदुर्ग