बापूंचा बिल्ला

तीर्थरूप बाबा आणि आई,
साष्टांग नमस्कार.

फोनवर सांगितलं असतं तर बाबांनी 'हं, हं' करून फोन आईच्या हातात दिला असता, म्हणून लिहिते. आधी कबुली देते. मागच्या मंगळवारी मी त्र्यंबकेश्वरला जाऊन आले. बाबांना न घेता. दिवाळीनंतर आपण दोघांनी जायचं ठरलं होतं. पण बाबा, गुडघ्याचं ऑपरेशन होऊन जेमतेम अडीच महिने झालेत, आपल्या तीर्थगुरुजींच्या वाड्यातला जिना लाकडी आणि उभा, दोरी धरून चढावा लागतो. शिवाय मला रजाही तेव्हाच मिळाली. तसं गाडीत पाय लांब करून तुम्ही बसू शकला असता, गुरुजींनी घराण्यांच्या नोंदींची वही खालीही आणून दिली असती. खरं म्हणजे काय निघतंय ते मला आधी एकटीनं बघायचं होतं.

गावाचं नाव सांगितलं, आडनाव सांगितलं, आणि गुरुजींनी पाच मिनिटांत पान उघडलं. मोडीत आहे, त्यांनीच वाचून दाखवलं. शके 1843, आश्विन वद्य. आपले बापू, म्हणजे माझे पणजोबा, त्यांच्या वडिलांचं नाव, सोबत कुटुंब, आईच्या अस्थी घेऊन आले, अपत्य नाही. खाली 'निशाणी नांगर', आणि शेजारी एक वाकडातिकडा नांगर काढलेला. मी त्यावरून बोट फिरवलं, गुरुजी काही बोलले नाहीत.

शके 1843 म्हणजे 1921, बाबा. पहिल्या महायुद्धात इराकातलं कूट तुर्कांच्या हाती पडलं 29 एप्रिल 1916 ला.

मला ती गोष्ट तुमच्याच मांडीवर पाठ झाली आहे. ओट्यावर दिवे गेलेले, आई आत भाकऱ्या थापतेय, आणि तुम्ही सांगताय की कूटच्या वेढ्यात मराठा पलटणीच्या शिपायांनी घोड्याचं मांस नाकारलं आणि आपले बापू उपाशी लढता लढता गेले. मी दर वेळी रडायचे आणि दर वेळी 'पुन्हा सांगा' म्हणायचे. त्यातलं पुष्कळ खरं आहे. मराठा पलटणी वेढ्यात होत्या, मांस नाकारणारेही होते. फक्त त्यांत बापू नव्हते, असं मला आता वाटतं.

कारण तो बिल्ला, म्हणजे बापूंचं युद्धाचं पदक. काळा पडलेला चांदीचा नाही तो, ब्राँझचा आहे. त्या युद्धाचा चांदीचा बिल्ला लढणाऱ्यांना मिळाला, ब्राँझचा मुख्यतः मजुरांच्या तुकड्यांना. भिंगातून पाहिलं तर कडेवर 'लेबर' एवढं अजून लागतं. आणि मजुरांच्या तुकड्या तिकडे मोठ्या संख्येनं गेल्या त्या कूट पडल्यानंतर. बसऱ्याच्या बंदरात जहाजं रिकामी करणं, रूळ टाकणं, बांध घालणं ही कामं. त्या उन्हात! मला तर यात काही कमीपणा दिसत नाही. तुम्हाला थोडा दिसेल, तो दोन दिवसांत जाईल.

मग 1919 च्या जमिनीच्या फेरफारात बापू 'मयत' का, आणि वारस म्हणून पणजीचं नाव का? 1918 ला मानमोडीत, त्या तापाच्या साथीत, गावंच्या गावं आडवी झाली, परदेशी गेलेल्याची बातमी कोण तपासणार! कुणी मुद्दाम लिहवलं असेल का, हा प्रश्न मलाही पडला. पण वरच्या आळीच्या काकांशी तुम्ही यावरून एक शब्द बोलायचा नाही. शंभर वर्षं झाली.

आता आजोबांचा शाळेचा दाखला. 1 जून 1923. 'मास्तरांनी सगळ्यांनाच 1 जून लावली, आबा 1915 चे' असं तुम्ही किती वेळा, किती चिडून सांगायचात. का चिडायचात ते मला मोठी झाल्यावर कळलं, काकूआजी भांडणात काय बोलायची ते ऐकल्यावर. बाबा, दिवस मास्तरांचा असेल, साल खरं असणार. बापू तेव्हा घरी होते. पणजी 'तुझा बाप बसऱ्याला गेला' एवढंच म्हणायची ना? 'तिकडंच मेला' हे पुढं आपण जोडलं.

आणि म्हणून, रागावू नका, मी सरपंचांना फोन करून नव्या फलकावर बापूंचं नाव शहिदांत घालू नका असं सांगितलं. तुमचा अर्ज मागे घेतला. जुन्या दगडावर 'गेले इतके, मेले इतके' एवढाच आकडा आहे, बसऱ्याच्या स्मारकावरही आपल्या साध्या शिपायांचे पलटणीप्रमाणे आकडेच कोरले. नाव लागावं असं तुम्हाला का वाटतं ते कळतं मला. 'गेले आणि परत आले' अशी वेगळी यादी करा म्हटलंय. ते हो म्हणालेत.

शाळेच्या रजिस्टरात 1930 ला पालक म्हणून पणजीच आहे, म्हणजे बापू गेले ते मधल्या सात वर्षांत. तिथी लागत नाही. तेव्हा तुम्ही सर्वपित्रीला पान ठेवता तेच चालू द्या, पण यंदा पाटावर बसायचं नाही, खुर्चीवर बसून तर्पण चालतं, मी गुरुजींना विचारून आले आहे. पेटीसाठी माळ्यावर चढायचं नाही. बी.पी.ची गोळी नाश्त्यानंतर. आणि दसऱ्याला बिल्ला पितांबरीनं घासायचा नाही, कडेची अक्षरं तुम्हीच घालवलीत. नुसतं हळदकुंकू वाहा.

आई, कमोडची ती उंच सीट शनिवारी येईल, पैसे दिलेत, माणसाला परत पाठवू नकोस. मी रविवारी येते, नांगराचा फोटो मोठा करून आणते. हे वाचून बाबा ओट्यावर जाऊन बसले तर बसू दे. थोड्या वेळानं चहा नेऊन दे, आज साखर घातलीस तरी चालेल.

तुमची,
चिमणी