बधिर करणारं क्रीम हे औषधच आहे: अन्न व औषध प्रशासन मंत्र्यांना खुलं पत्र

प्रति,
मा. मंत्री महोदय,
अन्न व औषध प्रशासन, महाराष्ट्र राज्य,
मंत्रालय, मुंबई

विषय: टॅटू काढण्याआधी लावल्या जाणाऱ्या बधिर करणाऱ्या क्रीमची विक्री आणि वापर

सविनय नमस्कार.

मी नाशिकला पंचवटीत गेली अकरा वर्षं टॅटू काढते आहे. टॅटूचं दुखणं कमी व्हावं म्हणून आधी कातडीवर जे बधिर करणारं क्रीम चोपडतात, त्याबद्दल आपल्याला लिहिते आहे. आमच्या धंद्यात त्याला सगळे 'नंबिंग' म्हणतात.

गेल्या पावसाळ्यात सिन्नरहून एक मुलगा आला होता. वय तेवीस. वडील गेल्याला वर्ष होत आलं होतं आणि त्यांच्या आठवणीसाठी त्याला उजव्या हातावर खांद्यापासून मनगटापर्यंत टॅटू काढून घ्यायचा होता. दुखण्याची फार धास्ती होती, म्हणून तो घरूनच क्रीम लावून निघाला. ऑनलाइन मागवलेल्या तीन ट्यूब अख्ख्या हातावर थापलेल्या, त्यावर स्वयंपाकघरातलं पातळ प्लॅस्टिक गुंडाळलेलं, त्यावर पूर्ण बाह्यांचा शर्ट आणि वर रेनकोट. वाटेत एसटी रखडली. तासाभरासाठी लावलेलं क्रीम तीन तास अंगावर राहिलं.

खुर्चीत बसल्या बसल्या तो म्हणाला, "ताई, जिभेला मुंग्या येतायत." मला वाटलं घाबरलाय. मी त्याला साखरपाणी दिलं. थोड्या वेळानं म्हणाला, कानात भुंगा फिरल्यासारखं होतंय. मग त्याचं बोलणं जड झालं, आणि ओठाची एक कड आपोआप थरथरायला लागली, तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. प्लॅस्टिक फाडलं, हात पुसून धुऊन काढला आणि रिक्षात घालून त्याला दवाखान्यात नेलं. खरं तर जिभेच्या मुंग्यांपाशीच मी १०८ला फोन करायला हवा होता. साखरपाण्यात गेलेली ती दहा मिनिटं मला अजून छळतात.

डॉक्टरांनी चार गोष्टी विचारल्या. काय लावलं, किती टक्क्यांचं, किती ग्रॅम, किती वेळ. आम्हाला फक्त शेवटच्या प्रश्नाचं उत्तर देता आलं. मुलाच्या पिशवीत खोकं होतं. चकचकीत, सोनेरी अक्षरांचं. त्यावर चिनी लिपीतला मजकूर होता. उत्पादकाचा पत्ता नव्हता, परवाना क्रमांक नव्हता, मुदत संपण्याची तारीखही नव्हती. रात्रभर हृदयाच्या ठोक्यांवर लक्ष ठेवून दुसऱ्या दिवशी त्याला घरी सोडलं. तो आज ठणठणीत आहे. पण डॉक्टर मला म्हणाले की औषध रक्तात आणखी थोडं चढलं असतं, तर आधी झटके आले असते आणि मग हृदयाची लय बिघडली असती.

त्या रात्रीनंतर मी या औषधाचा अभ्यास करायला लागले. अशा क्रीममध्ये सहसा असतं ते लिग्नोकेन, ज्याला आता लिडोकेनही म्हणतात. ते १९४३ साली स्वीडनमध्ये तयार झालं आणि १९४८पासून वापरात आहे. दाताच्या डॉक्टरची भूल म्हणजे बहुतेक वेळा हेच. आपल्या देशाच्या अत्यावश्यक औषधांच्या राष्ट्रीय यादीत ते आहे. इतकं जुनं आणि उपयोगी औषध. मज्जातंतूतून मेंदूकडे निघालेला वेदनेचा निरोप ते मधेच थोपवतं. मात्र कातडीतून झिरपून ते रक्तात पुरेसं साठलं, की हीच थोपवाथोपवी मेंदूत आणि हृदयात सुरू होते. जिभेच्या मुंग्या, तोंडाला लोखंडासारखी चव, कानातला आवाज ही त्याची पहिली पावलं. सिन्नरच्या त्या मुलानं मला ती ओळीनं सांगितली होती, पण मला ती ओळखता आली नाहीत.

साधा हिशेब आहे, साहेब. ५ टक्क्यांच्या १० ग्रॅमच्या एका ट्यूबमध्ये ५०० मिलिग्रॅम औषध असतं. तीन ट्यूब म्हणजे १,५०० मिलिग्रॅम. हेच औषध डॉक्टर सुईनं टोचतात, तेव्हा त्यात रक्तवाहिन्या आकसवणारं ॲड्रेनॅलिन मिसळलेलं नसेल तर मोठ्या माणसाला सगळं मिळून साधारण ३०० मिलिग्रॅमच्या वर जात नाहीत. धडधाकट कातडी त्यातला थोडाच भाग आत घेते, म्हणून क्रीम सहसा सोसतं. पण क्रीम जास्त जागेवर लावलं, वरून प्लॅस्टिकनं कोंडलं, अंग तापलं, वेळ लांबला किंवा कातडी खरवडलेली असली, तर तो थोडा भाग थोडा राहत नाही. आपल्याकडे डॉक्टर वापरतात त्या क्रीममध्ये लिग्नोकेन आणि प्रिलोकेन प्रत्येकी २.५ टक्के असतं. ते न फुटलेल्या कातडीवर, मोजून, ठरावीक जागेपुरतं लावून तासभर झाकून ठेवायचं असतं. त्यातलं प्रिलोकेन जास्त झालं तर रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची ताकद घटते, ओठ आणि नखं निळसर पडतात. माणसाचा तळवा बोटांसकट धरला तर अंगाच्या कातडीचा साधारण एक टक्का भरतो आणि पूर्ण हात नऊ टक्के. म्हणजे नऊ तळव्यांएवढ्या जागेवर त्या मुलानं न मोजता औषध चोपडलं होतं, आणि त्याला ते औषध आहे हेही ठाऊक नव्हतं. विकणाऱ्यानं ते 'ब्यूटी' या सदरात विकलं होतं.

अमेरिकेत हे आधीच घडून गेलंय. तिथे २२ आणि २५ वर्षांच्या दोन तरुणींनी लेसरनं पायांचे केस काढण्याआधी असंच क्रीम लावून पाय प्लॅस्टिकनं गुंडाळले. दोघींना झटके आले, दोघी बेशुद्ध झाल्या आणि परत शुद्धीवर आल्या नाहीत. तिथल्या औषध नियामकानं २००७मध्ये त्यावरून जाहीर इशारा दिला. मार्च २०२४मध्ये त्याच नियामकानं सहा कंपन्यांना ताकीदपत्रं पाठवली, कारण टॅटू किंवा लेसरसाठी म्हणून त्या डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकत असलेल्या क्रीममध्ये लिडोकेन ४ टक्क्यांहून जास्त होतं. आणि जानेवारी २०२५मध्ये ब्राझीलमध्ये एका माणसानं पाठीवरच्या टॅटूसाठी चक्क पूर्ण भूल घेतली. टॅटूला सुरुवात होण्याआधीच त्याचं हृदय बंद पडलं.

हे वाचून आपल्या मनात बंदीचा विचार येईल, अशी मला भीती वाटते. कृपा करून बंदी घालू नका.

माझ्या आजीच्या हातावर तुळशीवृंदावन होतं आणि हनुवटीवर तीन ठिपके. जत्रेत गोंदणारीनं काढलेले. तेव्हा ती नऊ वर्षांची होती. दोन बायकांनी तिला धरून ठेवलं होतं आणि वर हळद लावली होती, एवढंच तिला आठवायचं. ती ते कौतुकानं सांगायची, पण सांगताना हात मागे घ्यायची. आमच्या धंद्यात काही जण म्हणतात की सोसल्याशिवाय टॅटूला किंमत नाही. मला हे कधीच पटलं नाही. माझ्याकडे सिझेरियनच्या व्रणावर फुलं काढून घ्यायला बायका येतात. भाजलेल्या कातडीवर टॅटू मागणारे येतात. स्तनाच्या कर्करोगाच्या शस्त्रक्रियेनंतर, छातीवर पुन्हा काहीतरी आपलं असावं म्हणून एक काकू आल्या होत्या. त्यांनी आयुष्यभराचं दुखणं आधीच भोगलं होतं. "आणखी थोडं सोसा" असं त्यांना म्हणायचा मला काय अधिकार? त्यांना मी त्यांच्या डॉक्टरांकडे पाठवलं. डॉक्टरांनी चिठ्ठीवर क्रीमचं नाव, ग्रॅम आणि वेळ लिहून दिली आणि आम्ही ती वेळ घड्याळ लावून पाळली.

बहुतेकांना क्रीम लागतही नाही, हे मी अनुभवावरून सांगते. दंडाची बाहेरची बाजू, पोटरी, मांडी या जागा सुसह्य असतात. बरगड्या, नडगी, घोटा, पाऊल, काखेजवळचा आतला भाग इथे मात्र जीव जातो. पहिली काही मिनिटं सगळ्यांत कठीण असतात, मग अंग सरावतं. दोन-अडीच तासांनंतर पुन्हा सहनशक्ती संपत येते आणि तिथे थांबणं शहाणपणाचं असतं. मी पोट भरून जेवल्याशिवाय कुणाला खुर्चीत बसू देत नाही. उपवासाच्या दिवशी आलेल्यांना चक्कर येते, हे इतक्या वेळा पाहिलंय की चतुर्थी-एकादशीला मी नवं काम घेतच नाही. रात्रीची झोप झालेली हवी, दारू घेतलेली नको. मोठं काम चार बैठकांत वाटून घ्यायचं. मधे मधे मशीन थांबवून पाणी, चिक्की, दोन मिनिटं गप्पा. यात कसलीही जादू नाही, फक्त वेळ जातो. आणि वेळ म्हणजे पैसे, म्हणून कित्येक ठिकाणी अख्खं काम एका बैठकीत उरकायला क्रीम चोपडतात.

त्यातला आणखी एक धोका बाहेर कुणाला दिसत नाही. क्रीम पुसल्यावर तास-दोन तासांत असर उतरतो, तोही सुजलेल्या, सुया लागलेल्या कातडीवर. दुखणं एकदम अंगावर येतं. गिऱ्हाईक कळवळतं आणि मग त्या उघड्या कातडीवर बधिर करणारा स्प्रे मारला जातो. फुटलेल्या कातडीतून औषध कितीतरी जास्त आत जातं. सुरुवातीच्या वर्षांत मीही असा स्प्रे मारलाय. मला कुणी शिकवलं नव्हतं आणि बाटलीवर समजेल असं काही लिहिलेलं नव्हतं. काही जण तर स्वतः इंजेक्शन टोचतात, असं माझ्याकडे येणारी गिऱ्हाइकं सांगतात.

मंत्री महोदय, यासाठी नवा कायदा लागणार नाही, असं मला वाटतं. १९४०चा औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा आहेच. ज्यात लिग्नोकेन आहे ते औषध आहे, आणि परवाना क्रमांक, बॅच क्रमांक, मुदत यांशिवाय औषध विकता येत नाही. आपले औषध निरीक्षक मेडिकलची दुकानं तपासतात. ही खोकी मात्र ब्यूटी पार्लरला माल पुरवणाऱ्या घाऊक दुकानांत आणि ऑनलाइन विकली जातात. निरीक्षकांना तिथे पाठवा. नमुने उचलून प्रयोगशाळेत द्या आणि आत नेमकं किती टक्के काय निघालं ते लोकांना मराठीत सांगा. ऑनलाइन विकणाऱ्या कंपन्यांना नोटीस काढा.

दुसरी विनंती आमच्यासाठी आहे. माझ्याकडे गुमास्ता परवाना आहे. त्यासाठी मला दुकानाचा पत्ता आणि कामगारांची संख्या विचारली गेली. माणसाच्या कातडीत सुई घालण्याबद्दल एक शब्दही कुणी विचारला नाही. जिल्हा रुग्णालयातल्या भूलतज्ज्ञांनी आम्हाला वर्षातून एक दिवस शिकवलं तरी पुष्कळ होईल: किती लावायचं, कुणाला अजिबात लावायचं नाही, ओठ थरथरले तर काय करायचं. प्रत्येक स्टुडिओच्या भिंतीवर ही लक्षणं आणि १०८ हा आकडा मराठीत लावणं सक्तीचं करा. अठरा वर्षांखालच्या मुलांना ना टॅटू, ना क्रीम, हेही लेखी येऊ द्या. आज मी शाळेच्या दप्तरासकट आलेली मुलं परत पाठवते आणि ती दोन गल्ल्या पलीकडे जाऊन हात गोंदून घेतात.

हे सगळं सिंहस्थाच्या आत व्हावं, अशी माझी कळकळ आहे. २०२७मध्ये नाशिक आणि त्र्यंबकेश्वरला लाखो माणसं येतील. ओम, त्रिशूळ, आईचं नाव गोंदून घ्यायला घाटावर रांगा लागतील. बॅटरीवर चालणारं मशीन आणि प्लॅस्टिकच्या स्टुलावर थाटलेली दुकानं रामकुंडाच्या आसपास आताच दिसायला लागली आहेत. दुखू नये म्हणून तिथेही हेच क्रीम चोपडलं जाईल, भर उन्हात, आणि गर्दीत कुणी चक्कर येऊन पडलं तर सगळे म्हणतील ऊन लागलं.

सिन्नरच्या मुलानंतर मी माझ्या गिऱ्हाइकांनी आणलेली अशी खोकी फेकत नाही, ठेवून घेते. आजवर चौदा जमली आहेत. त्यांतल्या अकरांवर परवाना क्रमांक नाही. आपल्या नाशिकच्या कार्यालयानं तारीख कळवावी. मी चौदाही खोकी घेऊन येते, ती कुठून मागवली होती त्याच्या पावत्यांसकट.

आपली,
पंचवटीतली एक टॅटू आर्टिस्ट
नाशिक