आशाताई, तुम्ही आमच्या घराची खिडकी उघडायला लावलीत

ताई,

समोर उभं राहून बोलायला गेलं की तुम्ही “असू द्या हो” म्हणून पुढच्या घराकडे चालू लागता. म्हणून आमच्या गावच्या आशा सेविका म्हणून तुम्ही माझ्या टीबीच्या वेळी जे केलंत ते सगळ्यांसमोर लिहितो.

खानापूर तालुक्यातल्या कितीतरी घरांसारखा मीही गलाईवाला. कोइमतूरला सोनं-चांदी गाळायच्या दुकानात पाच जण काम करायचो, रात्री तिथंच पथारी टाकायचो. खोकला सुरू झाला तेव्हा ॲसिडच्या धुराला बोल लावला. तिथल्या एका डॉक्टरानं दोन महिने खोकल्याच्या बाटल्या दिल्या. संध्याकाळी बारीक ताप यायचा, पँट कमरेवर राहीना. गावी आलो तेव्हा वजन 46 किलो.

तुम्ही दारातूनच माझा खोकला ऐकलात आणि डबी हातात ठेवलीत. “थुंकी नको, बेडका पायजे. एक आत्ता, एक सकाळी उठल्या उठल्या.” विट्याहून रिपोर्ट आला: टीबी, पण नेहमीच्या औषधाला दाद देणारा. म्हणजे सहा महिने, रोज तीन गोळ्या. पहिल्याच दिवशी लघवी लाल झाली आणि मी रक्त समजून हबकलो. तुम्ही हसलात. “गोळीचा रंग हाय तो. उद्या तसा दिसला नाय तर मी वरडीन.” चोरून गोळी चुकवायची सोयच ठेवली नाहीत!

आईनं माझं ताट-वाटी वेगळं काढलं होतं. त्यावरून तुम्ही भांडला नाहीत. टीबी भांड्यातून नाही, हवेतून पसरतो एवढंच सांगितलंत आणि युरियाची पोती कोंबून बंद केलेली मागची खिडकी मोकळी करायला लावलीत. ताट परत एकत्र यायला अजून महिना लागला. आई ती आईच. घरातल्या सगळ्यांची तपासणी झाली. चार वर्षांच्या पोराला आजार नव्हता, तरी तो होऊ नये म्हणून गोळ्या सुरू झाल्या.

सरकारकडून पोषणाचे महिन्याला 1000 रुपये (नोव्हेंबर 2024 च्या आधी 500 होते) खात्यावर यायचे, पण माझं खातं तिकडच्या बँकेत बंद पडलेलं. त्यासाठी तुम्ही किती चकरा मारल्या ते मला माहीत आहे. आणि माझा कोर्स पुरा केल्याबद्दल तुम्हाला मिळतात तेही 1000 रुपयेच, सहा महिन्यांचे मिळून. हा हिशोब कुणी केला असेल त्यानं एकदा भर उन्हात आमच्या वस्तीवर चालत यावं.

ग्रामसभेत एकजण बोलला, “कशाला तपासण्या वाढवताय, पेशंट निघाले तर टीबीमुक्त गावाचं सर्टिफिकेट जाईल.” तुम्ही शांतपणे सांगितलंत की हजार लोकांमागे निदान 30 संशयितांची तपासणी झाल्याशिवाय गाव त्यात बसतच नाही. माझं नाव तुम्ही घेतलं नाहीत. मीच उठलो, कसा उठलो माहीत नाही, आणि म्हणालो, मला झाला होता, माझ्यापासून सुरू करा. त्या आठवड्यात पुढच्या आळीतली एक म्हातारी तपासणीत सापडली. वर्षभर “दमा” म्हणून खोकत होती.

पण माझ्या मनातून जात नाही तो एक फोन. दुकानातल्या चौघांना सांगायची मला लाज वाटत होती. शेठ परत कामावर घेईल की नाही, ही धास्ती वेगळीच. तुम्ही ओट्यावर बसून राहिलात. “लावा फोन. मी हाय इथं.” मी लावला. चौघंही तिकडच्या सरकारी दवाखान्यात गेले आणि त्यातल्या एकाला निघाला. त्याचं लग्न ठरलेलं होतं, ताई. आता त्याचाही कोर्स पुरा झालाय.

दोन महिन्यांनी माझा बेडका निगेटिव्ह आला, पुढचे चार महिनेही एक दिवस न चुकता काढले. वजन 57.

दसरा झाला की मी कोइमतूरला निघतोय. शेठनं दुकानाच्या मागच्या भिंतीत खिडकी पाडून घेतलीय म्हणे. पोचलो की फोटो पाठवतो.

तुमचा,
मळ्यातला गलाईवाला