लोखंड आणि काच : श्रेय एकट्या अभियंत्यांचे नव्हे

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवार पुरवणीतील एकोणिसाव्या शतकातल्या युरोपीय इमारतींवरचा लेख आवडीने वाचला. लंडनच्या क्रिस्टल पॅलेसपासून पॅरिसच्या आयफेल टॉवरपर्यंतचा आढावा लेखकाने ओघवत्या भाषेत घेतला आहे. मात्र लोखंड-काचेची वास्तू अभियंत्यांनी घडवली आणि वास्तुविशारद ते लोखंड दगडी दर्शनी भागामागे झाकण्यातच गुंतले होते, हा त्यांचा निष्कर्ष मला मान्य करता येत नाही.

मुळात क्रिस्टल पॅलेसचे जनक जोसेफ पॅक्स्टन हे अभियंता नव्हते. ते चॅट्सवर्थ येथील ड्यूक ऑफ डेव्हनशायर यांचे मुख्य उद्यानपाल होते. १८५१ च्या जागतिक औद्योगिक प्रदर्शनासाठी लंडनच्या हाइड पार्कमध्ये उभी राहिलेली, सुमारे ५६३ मीटर लांबीची ती इमारत त्यांनी चॅट्सवर्थच्या काचगृहांत वर्षानुवर्षे केलेल्या प्रयोगांतून सुचवली. छताच्या घड्या, त्या घड्यांमधल्या पन्हळी आणि पावसाचे पाणी पोटातून खाली नेणारे पोकळ बिडाचे खांब ही सगळी रचना ४९ इंच लांब व १० इंच रुंद अशा एकाच मापाच्या काचेभोवती बेतलेली होती. ब्रिटनमध्ये काचेवरचा कर १८४५ साली उठला नसता, तर एवढी काच परवडली असती का, हाही प्रश्नच आहे. शिवाय ही वास्तू निव्वळ लोखंड-काचेची नव्हती. काचा बसवलेल्या पट्ट्या आणि मधल्या उंच दालनाच्या कमानी लाकडाच्या होत्या. फॉक्स, हेंडरसन या बांधकाम कंपनीच्या अभियंत्यांनी हे काम अवघ्या काही महिन्यांत तडीस नेले आणि त्याचे श्रेय त्यांना मिळायलाच हवे. परंतु मूळ कल्पना त्यांची नव्हती.

माझा खरा आक्षेप मात्र वेगळाच आहे. संपूर्ण लेखात फ्रेंच वास्तुविशारद आंरी लाब्रूस्त यांचे नाव एकदाही आलेले नाही. पॅरिसमध्ये पँथिऑनच्या चौकात त्यांनी उभारलेले सेंट-जेनेव्हिव्ह ग्रंथालय १८५१ साली, म्हणजे क्रिस्टल पॅलेसच्याच वर्षी, वाचकांसाठी खुले झाले. त्याआधी लोखंडाला काचगृहे, पूल, बाजारपेठा अशा कामाच्या जागीच स्थान होते; विद्येच्या मानाच्या दालनात ते उघडपणे आणण्याचे धाडस फ्रान्समध्ये लाब्रूस्त यांनी केले. वरच्या मजल्यावरच्या लांबलचक वाचनकक्षात मधोमध बिडाच्या १६ सडपातळ खांबांची एक रांग आहे. दगडी बैठकीवर उभे असलेले हे खांब इतके बारीक आहेत की कक्षाचे दोन भाग होऊनही नजर या टोकापासून त्या टोकापर्यंत कुठे अडत नाही. खांबांच्या माथ्यावरून वेलबुट्टीसारख्या जाळीदार लोखंडी कमानी दोन्ही बाजूंना झेपावतात आणि त्यांच्यावर लोखंडी जाळीत भरलेल्या गिलाव्याची दोन समांतर कमानी छते तोललेली आहेत. हेच छत दगडाचे केले असते, तर खांब कितीतरी जाड करावे लागले असते आणि मधली जागा अंधारी झाली असती.

बाहेरची भिंत दगडी आहे हे खरे. पण ती काही लपवण्यासाठी नाही. छताचा रेटा पेलणे, वर मोठ्या कमानदार खिडक्यांना जागा देणे आणि खाली पुस्तकांची कपाटे सामावून घेणे ही तिन्ही कामे ती करते. जिथे आत कपाटे आहेत, तिथेच बाहेरच्या दगडावर ८१० लेखकांची नावे कोरलेली आहेत. मोझेसपासून सुरू झालेली ही यादी रसायनशास्त्रज्ञ बर्झेलियसपाशी संपते. प्रवेशद्वाराच्या दोन्ही बाजूंना दिवे कोरले आहेत, कारण गॅसच्या दिव्यांमुळे हे ग्रंथालय संध्याकाळीही विद्यार्थ्यांसाठी उघडे असे. लंडनच्या ब्रिटिश म्युझियममधील लोखंडी सांगाड्याचा भव्य घुमटाकार वाचनकक्ष १८५७ चा. पण आगीच्या धास्तीने तिथे गॅस घेतला नव्हता आणि दाट धुके पडले की वाचकांना उठावे लागे. सार्वजनिक इमारतीत लोखंडाला गॅसच्या दिव्यांची जोड मिळाल्याने नेमके काय साधले, हे मला या फरकात दिसते.

याच लाब्रूस्त यांनी पुढे पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयाचा वाचनकक्ष बांधला. तो १८६८ साली खुला झाला. सुमारे १० मीटर उंचीच्या १६ खांबांवर तिथे नऊ घुमट आहेत आणि प्रत्येक घुमटाच्या माथ्यावरच्या गोल झरोक्यातून प्रकाश थेट मेजांवर उतरतो. त्याहून विलक्षण आहे ते शेजारचे ग्रंथभांडार. काचेच्या छताखाली त्याचे एकावर एक मजले आहेत आणि त्यांची जमीन लोखंडी जाळीची केल्यामुळे दिवसाचा उजेड थेट तळमजल्यावरच्या कपाटांपर्यंत झिरपतो. पुस्तके ठेवण्याच्या जागेचा इतका बारकाईने विचार करणाऱ्याला लोखंड झाकणारा म्हणणे अन्यायाचे आहे.

लेखकाचे म्हणणे काही इमारतींना लागू पडते, हेही नमूद करतो. लंडनच्या सेंट पँक्रस स्थानकात अभियंता विल्यम बार्लो यांचे सुमारे ७४ मीटर रुंदीचे एकसलग लोखंडी छत (१८६८) आणि त्याच्या पुढ्यातले वास्तुविशारद जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट यांचे गॉथिक हॉटेल यांचा एकमेकांशी काडीचाही संबंध दिसत नाही. एका उदाहरणावरून संपूर्ण पिढीला दोष देणे मात्र योग्य नव्हे.

सेंट पँक्रसच्या छतावर बार्लो यांच्यासोबत काम केलेले आणि त्याआधी क्रिस्टल पॅलेसच्या उभारणीत सहभागी असलेले अभियंता रोलंड मेसन ऑर्डिश यांनीच मुंबईच्या काळा घोडा येथील वॉटसन हॉटेल, म्हणजे आजचे एस्प्लनेड मॅन्शन, याचा आराखडा केला होता. त्याचा लोखंडी सांगाडा इंग्लंडमध्ये तयार होऊन जहाजाने मुंबईत आला. युरोपातल्या या इतिहासाचा एक तुकडा आपल्या दारात, आज अत्यंत जीर्ण अवस्थेत उभा आहे. लेखमालेच्या पुढील भागात लाब्रूस्त यांच्या दोन्ही ग्रंथालयांना आणि ऑर्डिश यांच्या या इमारतीला सविस्तर जागा द्यावी, अशी विनंती आहे.

आपला नम्र,
एक निवृत्त वास्तुकला अध्यापक, पुणे