वेगळा संघ कशासाठी?

महोदय,

‘खेळाचे मैदान सर्वांना खुले असताना समलिंगींना वेगळा रग्बी संघ कशाला?’ असे लोक सहज विचारतात. मी समलिंगी आहे, हौशी रग्बी खेळतो. म्हणून हा पत्रप्रपंच.

मैदान खुले असेलही, पण कपडे बदलायच्या खोलीतली थट्टा कोण थांबवणार? शाळेत ‘बायल्या’ म्हणून हिणवलेला मुलगा खेळापासून कायमचा तुटतो. वेल्सकडून रग्बीचे शंभर कसोटी सामने खेळलेल्या गॅरेथ थॉमसलाही आपण समलिंगी आहोत हे २००९पर्यंत जाहीरपणे सांगता आले नाही. तिथे हौशी खेळाडूची काय कथा! १९९५मध्ये लंडनच्या एका पबमध्ये जमलेल्या मोजक्या मंडळींनी ‘किंग्ज क्रॉस स्टीलर्स’ काढला, तो यासाठी. समलिंगींचा हा जगातला पहिला रग्बी क्लब. तो आपापसात खेळत बसला नाही. इतर क्लबांबरोबर नेहमीच्या लीगमध्ये उतरला, आणि समलिंगी नसलेल्यांनाही त्यात प्रवेश आहे. मग वॉशिंग्टन, सॅन फ्रान्सिस्को, सिडनी असे क्लब निघत गेले.

हे क्लब वाढले ते नवख्यांमुळे, असे माझे ठाम मत आहे. आमच्याकडे चाळिशीतला एक जण आला. टॅकल, म्हणजे चेंडू घेऊन पळणाऱ्याला धरून पाडणे, शिकवताना आधी दोघांनी गुडघ्यांवर बसायचे, डोके बाजूला, गाल समोरच्याच्या मांडीला घट्ट. मग चालत, मग पळत. त्याचा हातच पुढे होईना. शाळेत कुणाला चुकून हात लागला तरी गहजब व्हायचा, म्हणाला. आज तो प्रॉप आहे आणि मी त्याच्या शेजारी हुकर; पहिल्या रांगेत मधला तो हुकर, त्याच्या दोन बाजूंचे ते प्रॉप. स्क्रममध्ये, म्हणजे दोन्ही संघांचे आठ-आठ जण एकमेकांत गुंतून समोरासमोर रेटतात तेव्हा, माझे दोन्ही हात दोन्ही प्रॉपच्या खांद्यांवर गुंतलेले असतात. समोरून आठ जणांचा रेटा येतो तेव्हा त्याने माझी जर्सी सोडली, तर माझ्या मानेवरच बेतायचे. तो सोडत नाही.

सॅन फ्रान्सिस्कोच्या क्लबचा मार्क बिंगहॅम ११ सप्टेंबर २००१ रोजी अपहृत ‘फ्लाइट ९३’ या विमानात होता. अपहरणकर्त्यांना प्रतिकार करणाऱ्या प्रवाशांमध्ये त्याचे नाव घेतले जाते. त्याच्या स्मरणार्थ २००२पासून अशा क्लबांची ‘बिंगहॅम कप’ ही स्पर्धा खेळली जाते. २०२४ची स्पर्धा रोममध्ये झाली. जगभरचे संघ तिथे येतात. आपल्या क्रीडा पानावर यापुढे या स्पर्धेचा निकाल छापावा, ही विनंती. आमच्यासारखे खेळतात, हे कुणा शाळकरी मुलाला त्यातून तरी कळेल.

– एक रग्बीपटू