गाडा शर्यतीच्या गेमवर तीन वर्षांचा शिक्का कसा?

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

आपल्या भागातल्या पोरांनी तयार केलेल्या गाडा शर्यतीच्या मोबाईल गेमची बातमी कालच्या अंकात आपण मोठ्या कौतुकाने छापली. कौतुक मलाही आहे. इंजिनिअरिंग करून पुण्या-बेंगळूरची वाट न धरता ही मुले इथेच बसून काहीतरी घडवतात, पडद्यावर आपली बैलजोडी, आपला माळ, आपली बोली येते, याचा आनंद कोणाला होणार नाही? पण त्या बातमीत एक ओळ आहे : 'तीन वर्षांपुढील सर्वांसाठी.' आणि तिच्याच खाली लिहिले आहे की जोडीवर नाणी लावता येतात, जिंकले की बंद पेटी मिळते, पेटीत काय निघेल ते आधी कळत नाही, आणि नाणी संपली की पैसे देऊन घेता येतात. या दोन गोष्टी एकाच बातमीत शेजारी शेजारी छापताना आपल्या बातमीदाराला त्या मुलांना एक प्रश्न विचारावासा वाटला नाही, याचा मला राग आला आहे.

गाडा शर्यतीला माझा विरोध नाही. सर्वोच्च न्यायालयाने मे २०२३ मध्ये शर्यतींना परवानगी देणारे कायदे कायम ठेवले तेव्हा आमच्या घरीही पेढे आले होते. माझे भांडण त्या तीनच्या आकड्याशी आहे.

हा आकडा सरकार देत नाही. सिनेमाला सेन्सॉर बोर्ड आहे, तिथे आता सात, तेरा आणि सोळा वर्षांचे वेगळे शिक्के मिळतात. गेमला आपल्या देशात असे प्रमाणपत्र देणारे मंडळच नाही. गूगल प्लेवर गेम चढवताना बनवणाऱ्यानेच एक प्रश्नावली भरायची असते. मारामारी आहे का, रक्त दिसते का, शिव्या आहेत का, जुगार आहे का, खेळणारे एकमेकांशी बोलू शकतात का, पैसे देऊन काही घेता येते का. त्या उत्तरांवरून तीन, सात, बारा, सोळा किंवा अठरा हा आकडा ठरतो. म्हणजे सगळी भिस्त उत्तर देणाऱ्याच्या प्रामाणिकपणावर. जोडीवर नाणी लावणे हा जुगाराचाच खेळ आहे, आणि तसे खरे खरे लिहिले असते तर तीन हा आकडा आला नसता, असे माझे स्पष्ट मत आहे.

मी एवढे का चिडले आहे ते सांगते. माझी धाकटी बहीण खानापूर तालुक्यात असते. भावोजी कामाला गोव्यात, घरी ती, सासूबाई आणि नऊ वर्षांचा मुलगा. मुलगा हुशार. आज्जीच्या मोबाईलचा रिचार्ज तोच करतो, लाईट बिल तोच भरतो, त्यामुळे यूपीआयचा पिन त्याला पाठ. गेल्या हंगामात उसाचे बिल बहिणीच्या खात्यावर जमा झाले आणि थोड्याच दिवसांत त्यातले साडेसहा हजार रुपये कमी दिसले. बँकेत जाऊन बघितले तर सगळे पैसे एका परदेशी गेममध्ये गेलेले. कधी ऐंशी रुपये, कधी दीडशे, कधी चारशे. पेट्या उघडल्या होत्या. एका पेटीत सोनेरी गाडी निघते, ती त्याला हवी होती. शेवटपर्यंत निघाली नाही.

बहिणीने त्याला मारले. मी मध्ये पडले तेव्हा तो हुंदके देत मला म्हणाला, "मावशी, तीन वर्षाच्या पोराला चालतंय म्हणून लिहिलंय की त्यात. मी तर नऊ वर्षाचा हाय." मी फोन घेऊन बघितले. खरेच तसे लिहिले होते. खरेदीची सूचनाही होती, पण बारीक अक्षरात, इंग्रजीत. माझ्या बहिणीचे शिक्षण मराठी शाळेत सातवीपर्यंत. तिने तो आकडा बघून, 'लहान मुलांचा गेम आहे' असे समजून, फोन पोराच्या हातात दिला होता. तिचे काय चुकले? आम्ही कंपनीला इंग्रजीत तक्रार लिहून पाठवली. उत्तर आले की खरेदी पिन टाकून झालेली आहे, पैसे परत मिळणार नाहीत. ते पैसे कोणत्या कामाचे होते हे त्यांना सांगून उपयोग नव्हता. रोपलागणीची मजुरी त्यातून द्यायची होती, ती नंतर सोसायटीकडून उचल घेऊन दिली.

तेव्हापासून कुठल्याही गेमवर तीन हा आकडा दिसला की मी आधी पेटी शोधते. आपल्या पोरांच्या गेममध्ये ती सापडली, म्हणून हे पत्र.

वय ठरवायचे म्हणजे रक्त आणि बंदुका मोजायच्या, ही समजूत जुनी झाली. अमेरिकेत १९९४ साली गेमना वयाचे शिक्के सुरू झाले तेव्हा वाद हाणामारीच्या गेमचा होता. आता जगाने पैशाकडेही बघायला सुरुवात केली आहे. युरोपात गेमना वयाचे शिक्के देणाऱ्या 'पेगी' या संस्थेच्या नियमात २०२० पासून, कॅसिनोत किंवा शर्यतीच्या मैदानावर चालतो तसा जुगार शिकवणाऱ्या नव्या गेमला थेट अठरा. बेल्जियमने २०१८ मध्येच पैसे देऊन उघडायच्या पेट्यांना जुगार ठरवले. ऑस्ट्रेलियात सप्टेंबर २०२४ पासून अशी पेटी असलेल्या नव्या गेमला किमान असा शिक्का लागतो की पंधरा वर्षांखालच्यांसाठी तो योग्य नाही, आणि खोट्या नाण्यांचा जुगार असला तरी अठरा. तिकडच्या नऊ वर्षांच्या मुलाला जे योग्य नाही, ते खानापूरच्या नऊ वर्षांच्या मुलाला कसे योग्य होईल?

कोणी म्हणेल, आपल्याकडे २०२५ चा ऑनलाइन गेमिंगचा कायदा आहे. आहे, आणि तो आला ते चांगलेच झाले. पण त्याने बंदी घातली ती पैसे लावून पैसे जिंकण्याच्या खेळांवर. नाणी विकत घ्यायची आणि बदल्यात नुसता चित्रातला बैल मिळवायचा, यात पोराच्या हाती रुपया परत येतच नाही. मग असा गेम त्या बंदीत कसा बसणार? जत्रेतल्या चक्रीवर निदान शेजारी उभा असलेला बाप्या माणूस पोराचा हात धरून ओढून नेतो. फोनमध्ये तो हात धरणारा कोणी नाही, म्हणून तो आकडा खरा असावा लागतो.

त्या मुलांना माझे सांगणे आहे, तुम्ही आपलेच आहात म्हणून हक्काने सांगते. नाणी लावणे आणि पेटी काढून टाका, मग तीन ठेवा. मी स्वतः बहिणीच्या मुलाच्या फोनवर तो गेम घालून देईन. नाणी लावणे आणि पेटी ठेवायचीच असेल तर प्रश्नावली पुन्हा भरा आणि जो आकडा येईल तो लावा. बारा-सोळा आला तर डाउनलोड कमी होतील, मला कळते. गेम शेवटी विकायचा आहे, हेही कळते. आणि पैशाची सूचना मराठीत आणि कन्नडात, आकड्याएवढ्याच अक्षरात द्या. ज्या गेममध्ये बैलांना हाकायची आरोळी मराठीत आहे, त्यात ही एक ओळ मराठीत घालणे अवघड नाही.

भाषेचा विषय निघालाच आहे तर आणखी एक. मध्यंतरी माझ्या पुतणीच्या शाळेने मुलांच्या मोबाईल वापराविषयी पालकसभा ठेवली. चांगली गोष्ट. पण सूचना आली कन्नड आणि इंग्रजीत. वर्गातल्या निम्म्याहून अधिक आया मराठी, त्यातल्या कित्येकींना सभा कशाची आहे तेच कळले नाही, आणि सभेला त्या आल्या नाहीत. मग व्यासपीठावरून पालक बेफिकीर असल्याचे ऐकायला मिळाले. मराठीत परिपत्रके मिळावीत म्हणून आपण सीमाभागात किती वर्षे भांडतो आहोत, ते आपल्याला सांगायला नको. एका कागदाच्या मागच्या बाजूला मराठी छापायला काय लागते?

संपादक महोदय, आपल्या वृत्तपत्रात बातमी आली की इथल्या घराघरांत ती खरी मानतात. काल आपण 'तीन वर्षांपुढील सर्वांसाठी' असे छापले, त्यावर विश्वास ठेवून गेम बाजारात आला की माझ्या बहिणीसारख्या बायका तो पोरांना घालून देतील. तेव्हा आपल्या बातमीदाराला त्या मुलांकडे पुन्हा पाठवा. जुगाराच्या प्रश्नाला त्यांनी प्रश्नावलीत काय उत्तर दिले, एवढेच विचारा, आणि ते उत्तर गेम येण्याआधी, कालच्या बातमीच्याच पानावर छापा.

आपली,
एक वाचक, शहापूर, बेळगाव