लिहिणाऱ्याचं बोलणं तसंच राहू द्या

संपादक साहेब, सप्रेम नमस्कार,

मागच्या रविवारी पुरवणीत लेखन कसं शिकावं यावर लेख होता, त्यात क्लास, वर्कशॉप, ऑनलाइन कोर्स सगळं आलं, पण साठीनंतर पहिल्यांदा वही उघडणाऱ्या माणसाने काय करायचं ते कुठंच नव्हतं, म्हणून हे पत्र.

मी फलटणचा, एसटीत कंडक्टर होतो. शिक्षण दहावी, आणि लिखाण म्हणजे वेबिल, तिकिटांच्या हिशोबाचा कागद, भरायचं तेवढंच. रिटायर झाल्यावर नातीच्या अर्ध्या कोऱ्या वह्या घेऊन लिहायला लागलो. आता यात ट्रेनिंग कुठलं म्हणाल तर मुक्कामाच्या गाडीचं. रात्री गाडी गावात पोचली की हिशोब करायचा, कॅशची बॅग उशाला घ्यायची आणि देवळात नाहीतर गाडीतच सीटवर पाठ टेकायची, मग ड्रायव्हर, गावातली दोन-चार माणसं जमायची आणि दिवसभरात गाडीत काय काय झालं ते सांगणं चालायचं. गोष्ट कुठून उचलायची, कुठं गप्प बसायचं, बाजाराच्या दिवशी अर्ध्या तिकिटावरून भांडणारी म्हातारी तिच्याच आवाजात कशी सांगायची, हे मी तिथं शिकलो. वहीत पण तसंच सांगत गेलो. लिहून झालं की मोठ्याने वाचतो, जिथं जीभ अडखळते ते वाक्य खोडतो.

आमच्याच फलटणच्या बेबीताई कांबळे बघा. छोटं दुकान चालवायच्या, माल बांधायला आणलेल्या रद्दीतले पेपर वाचायच्या, आणि घरच्यांपासून लपवून वर्षानुवर्षं लिहीत राहिल्या. फलटणला राहणाऱ्या मॅक्सीन बर्नसन बाईंनी ते लिखाण बाहेर काढायला लावलं, आधी 'स्त्री' मासिकात आलं आणि १९८६ ला 'जिणं आमुचं' हे आत्मकथनाचं पुस्तक झालं, तेव्हा ताई पन्नाशी ओलांडलेल्या होत्या. ते वाचताना बाई समोर बसून बोलतीय असंच वाटतं. तसंच लक्ष्मीबाई टिळकांचं, जन्म १८६८ चा, शाळेचं तोंड बघितलेलं नाही, अक्षरओळख लग्नानंतर, आणि 'स्मृतिचित्रे'चा पहिला भाग आला १९३४ ला. घरातल्या माणसाला सांगावं तसं सांगितलंय त्यांनी, म्हणून आज पण माझ्यासारखा माणूस ते एका बैठकीत शंभर पानं वाचतो.

या दोघींची वाक्यं कुणी इस्त्री करून छापली असती तर काय उरलं असतं, हा विचार मला सारखा येतो, कारण माझ्या बाबतीत तेच झालंय. एका दिवाळी अंकाने माझा लेख घेतला, आनंद झाला, अंक हातात आला तर त्या म्हातारीचं "आरं लेकरा, माज्या गुडघ्याला इचार कुटं उतरायचं त्ये" हे वाक्य गायब आणि तिथं 'वृद्धेने आपली अडचण सांगितली' एवढंच. माणूसच काढून टाकलं लेखातून. बायकोने वाचलं आणि म्हणाली हे तुमचं नाहीच. फार लागलं मनाला. हे करणाऱ्याचा हेतू वाईट नसेल, पण अशाने उशिरा लिहायला लागलेला माणूस परत वही मिटून ठेवतो हो, आणि त्याच्याबरोबर जे जातं ते दुसरं कोण लिहिणार? गवंडी आहेत, दाया आहेत, अंगणवाडीच्या सेविका आहेत, सगळ्यांकडं सांगायला आहे.

तर विनंती एवढीच की पुरवणीत पंधरा दिवसांतून एकदा अर्धं पान अशा लोकांना द्या. ऱ्हस्व-दीर्घ तुमच्या टेबलावर सुधारा, लांबलं तर कापा, पण माणसं जशी बोलतात ती वाक्यं हलवू नका, आणि काही बदलायचं झालंच तर छापायच्या आधी लिहिणाऱ्याला एक फोन करा. हाताने लिहिलेलं पण घ्या, टाइप करून मेल करणं सगळ्यांना जमत नाही. सुरुवातीला लागला तर माझा मुक्कामाच्या गाडीवरचा लेख तयार आहे, पोस्टाने पाठवतो.

आपला नेहमीचा वाचक,
एक निवृत्त कंडक्टर, फलटण